कोकणात नेलेले नारळ

आमच्याकडे रस्त्याने चालणारा माणूस दिसला की जीप थांबते. तळोद्याहून डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या जीपा आधीच खचाखच भरलेल्या असतात, मागच्या फळीवरही माणसं लटकलेली असतात, तरी ड्रायव्हर ब्रेक मारतो, मान बाहेर काढतो आणि म्हणतो, "बसा, जागा व्हई जाई." नाही म्हटलं तर तो जास्तच काळजीत पडतो.

मी आणि बायको गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी त्या रस्त्याने चालायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "गाडी चुकनी का?"

"नही भाऊ, चाली ऱ्हायनूत," मी म्हणालो.

"ते दिसस. पण कोठे?"

"कोठे नही. असंच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चार पावलं पुढे असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "भांडन व्हयनं का?"

त्याला दोष देता येत नाही. आमच्या भागात माणूस दोनच कारणांनी चालतो. एक म्हणजे गाडी नसते म्हणून. धडगावकडची माणसं अजूनही बाजाराला डोंगर उतरून येतात, ती काही तब्येतीसाठी नाही. दुसरं कारण देव. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि वाटेवरच्या गावांतले लोक त्यांना थांबवून थांबवून चहा-पाणी देतात. तिसरं कारण आमच्या रस्त्यावर अजून आलेलं नाही. मी ते आणायचा प्रयत्न केला आणि त्यात काय घोटाळा करून बसलो, ते सांगायचं आहे.

कल्पना मुलीची. ती पुण्याला शिकते. तिने आईला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कोकणात काही लोक समुद्राच्या कडेकडेने चालत जातात, एका गावाहून दुसऱ्या गावाला, वाटेत कुणाच्या घरी मुक्काम, जेवायला भात-आमटी, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. बायको तो व्हिडिओ भाकरी थापताना ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून बघायची. मी स्वयंपाकघरात गेलो की तिकडे लाटांचा आवाज आणि इकडे भाकरीची थपथप, दोन्ही एकदम ऐकू यायचं. एक दिवस तिने विचारलं, "आपण जायचं का?"

मी लगेच हो म्हणालो. मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. कचेरीत कुणाचा चहा चुकून मी प्यायलो तरी दुपारी मी त्याला दोन कप पाजतो. आणि बायकोच्या बाबतीत तर कारण होतंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही बाहेरगावी गेलो नाही असं नाही. नाशिकला गेलो ते तिच्या भावाच्या ऑपरेशनसाठी. सुरतेला गेलो ते लग्नाचा बस्ता बांधायला. पुण्याला मुलीच्या प्रवेशासाठी. आणि दर वेळी निघताना शेजारीपाजारी कुणीतरी हाक मारायचं. पुण्याला चाललात ना, मग एवढी मिरची आमच्या मुलाला द्या. एवढ्या पापड-बिबड्या बहिणीकडे टाका. मी नाही म्हणत नाही, मला नाही म्हणताच येत नाही, आणि ती पिशवी शेवटी तिच्याच हातात यायची.

तेव्हा तिने जायचं ठरल्यावर एकच अट घातली. चांगली शांतपणे, शुद्ध मराठीत. ती एरवी घरात अहिराणी बोलते, पण फार महत्त्वाचं असलं की शाळेतल्यासारखं बोलते.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "कुणाचं काही घ्यायचं नाही. निरोप नाही, पिशवी नाही, देव नाही. आयुष्यात एकदा मला रिकाम्या हातांनी चालायचंय."

मी शपथ घेतल्यासारखं हो म्हणालो.

मग सराव सुरू झाला. मुलीने बूट पाठवले होते. बायकोचे निळे होते, माझे चकचकीत पिवळे. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ डोंगरातला, अक्राणीकडचा. त्याने बूट बघितले, सगळा बेत ऐकला आणि म्हणाला, "साहेब, एवढं लांब कशाला? आमच्या गावी या. चालायचं काही कमी पडणार नाही. वर आम्ही तुम्हाला ओझंपण देऊ, जाताना लाकडं, येताना मीठ." सगळी कचेरी हसली. मीही हसलो. घरी येताना मात्र विचार करत राहिलो की आपण चाललोय ते बरोबर आहे का.

आमच्या भिंतीला भिंत लागून मोठ्या मायचं घर आहे. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ऐंशीच्या पुढची असेल. तरुणपणी ती दरवर्षी चैत्रात वणीला पायी जायची. तिच्या चालण्याच्या गोष्टी आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहेत. आता गुडघे गेले. दिवसभर ओट्यावर खाटेवर बसून असते आणि गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, पायात काय होतं, हे तिला पाठ असतं. माझे पिवळे बूट तिने पहिल्याच सकाळी टिपले होते. पण विचारलं चौथ्या-पाचव्या दिवशी.

"कोन देवले चालना रे?"

इथे मी फक्त खरं बोलायचं होतं. फिरायला, एवढाच शब्द. पण समोर ती बसलेली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत, आणि मी चकचकीत बूट घालून उभा. हिला खाटेवरून न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागते आणि मी तिला सांगू की मला पाय आहेत म्हणून मी मजेखातर चालतोय?

"लांब शे, माय," मी म्हणालो. "समुद्रकडे."

"समुद्रकडे कोन? गनपती का?"

"हां, गनपती बी शे तठे."

हे खोटंही नव्हतं. कोकणात वाटेवर गणपती आहेतच. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि मी घरात पळालो.

आमच्याकडे पायी देवाला जाणाऱ्याबरोबर नारळ पाठवायचा रिवाज आहे. ज्याला स्वतःला जमत नाही, म्हातारपण, आजारपण, शेतात पाणी भरायचं काम, काहीही असो, तो चालणाऱ्याकडे आपला नारळ देतो. चालणाऱ्याने तो तिथे त्याच्या नावाने फोडायचा आणि खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून परत आणायचा. मग ज्याने नारळ दिला त्याचंही चालणं झालं असं धरतात. आणि चालणाऱ्याने नारळ नाकारायचा नसतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही, मोठ्या मायला हो म्हणताना, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. किंवा आली असेल आणि मी तिच्याकडे पाहिलं नसेल.

निघायच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर मोठी माय काठी टेकत, भिंत धरत, आपल्या ओट्यावरून आमच्या ओट्यावर आलेली. किती तरी महिन्यांत ती एवढं चालली नव्हती. हातात लाल फडक्यात बांधलेला नारळ.

"मन्हा पाय गयात," ती म्हणाली. "तू चालस ना? मंग मन्हं बी चालनं व्हई जाई."

मी नारळ घेतला. दुसरं काय करणार होतो?

तिच्या मागे गल्ली उभी होती. समोरच्यांचा नारळ, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांचा नारळ, माझ्या चुलत बहिणीच्या सासरचा नारळ. "भाऊ, फोडताना मन्ह्या पोऱ्यानं नाव लेजो, दहावीले शे." "फोटो टाकजो हां, नारळ फुटताना व्हिडिओ टाकजो." कुणीतरी खताची रिकामी, धुतलेली गोणी आणली, तीही भरली. आणि बायकांनी माझ्या बायकोला मधे घेतलं. तिचे ते निळे बूट काढायला लावले, पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. ती पाटावर उभी होती, हळदीचे पाय घेऊन. तिने मान वर करून एकदाच माझ्याकडे पाहिलं. गर्दीत सगळ्यांना ते भक्तीने पाहिल्यासारखं वाटलं असेल.

नंदुरबारला गाडीत बसलो. गाडीने सुरतेची वाट धरली. रुळांच्या कडेला मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या, मैदानच्या मैदान लाल. एरवी ती खिडकीतून म्हणते, या वर्षी रंग चांगला आहे की नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "गोणी तुम्ही उचलायची."

"मीच उचलणार."

"आणि व्हिडिओ?"

नारळ फोडायला दोन हात लागतात, हे तिलाही कळत होतं.

खेडला उतरलो, एसटीने घाट चढून दापोली, तिथून किनाऱ्याला केळशी. पहिल्या मुक्कामाला ज्या बाईंच्या घरी उतरलो त्यांनी माझ्या पाठीवरची गोणी बघून विचारलं, "काय हो, तांदूळ आणलेत काय?"

"नारळ आहेत."

"विकायला?"

"फोडायला. देवाला."

मग त्यांनी घरातल्यांना हाक मारली, "अगो, बाहेर ये. हे नंदुरबारहून कोकणात नारळ घेऊन आलेत!" सासू, जाऊ, शेजारीण, सगळ्या बाहेर आल्या. अंगणातल्या माडाखाली उभं राहून मी हसत होतो. वरून एक नारळ माझ्या डोक्यात पडला असता तर मला न्याय झाल्यासारखं वाटलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी चालायला लागलो आणि बायकोचा राग हळूहळू वाऱ्यावर गेला. तिकडचा वारा तसाच आहे. आमच्याकडे जानेवारीतही दुपारी रस्ता चटके देतो. तिथे डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मधे लाल मातीची वाट, आणि दर वळणावर आधीपेक्षा मोठा समुद्र. बायको पुढे आणि मी मागे. तिची चाल मला माहीतच नव्हती. घरात ती जाते-येते ती स्वयंपाकघर, अंगण, पाण्याची टाकी एवढ्यातच. इथे ती हात हलवत, लांब टांगा टाकत चालत होती. मधेच थांबून शिंपला उचलायची, बघायची आणि परत टाकून द्यायची. "काय करायचा घरी नेऊन?" म्हणायची. मला वाटलं, जमलं. आता काही नाही.

वाटेत देऊळ आलं.

देऊळ आलं की मी गोणी उतरवायचो, चिठ्ठ्या नव्हत्या पण नावं तोंडपाठ होती, एकेक नारळ काढून नाव घेऊन फोडायचो. बायको मोबाइल धरायची. मग मी व्हिडिओ पाठवायचो. तिकडून उत्तरं यायची. "जय हो भाऊ." "नाव ऐकू उनं नही, वारा भलता शे." एकाने तर लिहिलं, "मन्हा वाकडा फुटना. चालस का?" मी त्याला समजावत उभा राहायचो आणि बायको पुढे निघून जायची. मग मी धावत तिला गाठायचो, पाठीवर गोणी, आत नारळांचा खडखडाट. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी तर तिथल्या गुरुजींनी विचारलं, "एवढे कुणाचे हो?" मी म्हणालो, "गावाचे." ते म्हणाले, "मग गाव का नाही आलं?" बायको हसली. मोठ्याने. पण ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं.

मुरूडला पोचलो तेव्हा गोणी अजून अर्धी भरलेली होती. त्याशिवाय मोठ्या मायचा नारळ, तो मी वेगळा, माझ्या पाठपिशवीत कपड्यांत गुंडाळून ठेवला होता. तो चांगल्या ठिकाणी, सावकाश फोडायचा असं मनात होतं.

मुरूडचा किनारा सपाट आणि रुंद. संध्याकाळ व्हायला वेळ होता. पाणी खूप लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी. आम्ही बूट काढले, पाठपिशव्या वर सुरूच्या झाडाखाली ठेवल्या. गोणी मात्र मी बरोबर घेतली, वाळूत मधोमध ठेवली. मला पाण्याजवळ जाऊन एकदोन नारळ समुद्राच्या साक्षीने फोडायचे होते. मग म्हटलं, आधी पाय भिजवू. बायको पाण्यात घोट्यापर्यंत उभी. आम्ही पन्नाशीच्या आसपासचे दोघे, त्या तळपायाखालून सरकणाऱ्या वाळूने खुदुखुदू हसत होतो.

मी तापीकाठचा माणूस. आमच्याकडचं पाणी एकदा पुढे गेलं की सुरतेला जातं, परत येत नाही. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, पण अंगाला माहीत नव्हती. पाणी लांब आहे म्हणजे लांबच राहणार, असं माझ्या अंगाने धरलं होतं.

"अहो!" बायको एकदम ओरडली. तिचा हात समुद्राकडे. "ते बघा! ते बघा, तिकडे, उडाले बघा!"

आणि मी त्याच क्षणी मागे बघितलं, कारण माझ्या पायाला मागून परतणारी लाट लागली होती. गोणी आडवी झालेली. तोंड मी बांधलंच नव्हतं. गल्लीतले सगळे नारळ बाहेर पडून लाटेबरोबर डुलत निघाले होते.

मी धावलो. एक पकडला, काखेत घातला, दुसऱ्यासाठी वाकलो, पहिला सुटला. नारळ बुडत नाहीत, आणि हातातही येत नाहीत. लाट ते जवळ आणायची, माझ्या गुडघ्याला लावायची आणि परत घेऊन जायची. मी प्रत्येकाला ओळखत होतो. "तो दहावीवाला! अगं, तो दहावीवाला पकड!" असं मी ओरडल्याचं मला आठवतं. मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या दोघी थांबल्या. एक म्हणाली, "काय तरी गो, वेडा की काय." दुसरी मला म्हणाली, "राहू दे की, दादा! घेतले दर्याने. कशाला धावतोस?"

पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा मी थांबलो. हातात एकही नाही. बायको अजून तिथेच उभी होती, पण आता तिचा हात खाली होता.

"काय होतं तिकडे?" मी विचारलं.

"डॉल्फिन."

"कुठे?"

"गेले." मग ती अहिराणीत बोलली. "तुम्हले मी दखाडी ऱ्हायनू व्हतू. तुम्ही नारळ देखी ऱ्हायनात."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला भय वाटलं. आम्ही बूट हातात घेऊन मुक्कामावर आलो. मी वाटेत तीनदा चुकलो म्हणालो. तिने तिसऱ्यांदा मला थांबवलं.

"तुम्ही चुकलो म्हणता आणि ते ऐकायचं काम परत माझंच," ती म्हणाली. "एक करा. उद्या मी एकटी चालते. कर्द्यावरून लाडघरपर्यंत. तुम्ही दोन्ही पिशव्या घ्या आणि एसटीने या. पाण्याची बाटली पण मला नको, गावं आहेत वाटेत. मोबाइल पण तुमच्याकडे ठेवा."

"मोबाइल तरी..."

"तुम्ही दर अर्ध्या तासाने फोन कराल."

करणारच होतो. मी मोबाइल घेतला.

मुरूडहून लाडघर किनाऱ्याने शेजारी, पण एसटी आधी डोंगर चढून दापोलीला जाते आणि मग दुसरी एसटी पुन्हा खाली उतरते. मी दोन पाठपिशव्या मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "मंडळी कुठंयत?" मी म्हणालो, "चालतेय." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आमच्या जीपवाल्याची आठवण झाली. लाडघरला स्टॉपपाशी मी पिशव्या पायात धरून बसलो. चहा घ्यायला उठलो तर पिशव्या घेऊन उठलो. समुद्र समोर होता, पण झाडीआड. तिकडची वाळू लालसर आहे म्हणतात. उतरून बघावं तर पिशव्या कुठे ठेवायच्या? तिचा मोबाइल वाजायचा, शेजारणींचे निरोप यायचे, मी उचलत नव्हतो. मला सगळे वाईट विचार आले. पाय मुरगळला असेल, वाट चुकली असेल, भरती आली असेल. भरती तर मला आता कळली होती. एकदा वाटलं, शोधायला जावं. मग लक्षात आलं, तिने मागितलेली एकच गोष्ट आहे, ती एवढीच आहे की मी जायचं नाही.

ती ऊन उतरल्यावर आली. दोन्ही हात मोकळे, पदर खोचलेला, बूट लाल धुळीने भरलेले. पाठीला, केसांना कसलीतरी वाळकी पानं चिकटलेली. माझ्याशेजारी बसली आणि माझा चहा उचलून प्यायली.

"कसं होतं?" मी विचारलं.

"चांगलं."

"काय पाहिलं?"

"सांगीन कधीतरी," ती म्हणाली आणि मंद हसली. मग तिने दोन पिशव्यांपैकी आपली ओढून घेतली. मी पुन्हा विचारलं नाही. पुढचे दिवस आम्ही बरोबर चाललो, मी गोणीशिवाय, आणि मला कबूल केलं पाहिजे की माझ्या आयुष्यात असे हलके दिवस फार नाहीत. खाडीपलीकडे होडीतून उतरताना ती घसरली आणि मी धरायला गेलो तर मीच चिखलात बसलो. ती इतकी हसली की होडीवाल्याने इंजिन बंद करून आमच्याकडे बघितलं.

मोठ्या मायचा नारळ मात्र मी फोडला नाही. तो कपड्यांत तसाच होता. देवळं आली, मी हात जोडले, पुढे गेलो. ज्या चालण्यासाठी तिने तो दिला होता, ते हे चालणं नव्हतं. तिला न सांगता तो फोडणं मला जमेना.

परत आलो. गल्लीला मी सांगितलं की तुमचे राहिलेले नारळ समुद्राने नेले, माझी चूक, गोणी बांधली नाही. मला वाटलं होतं, बोलणी बसतील. गिरणीवाल्याने उलट मला मिठीच मारली. "देवनी सोता लई लिधा! कोना नारळ असा जास?" ज्यांचे नारळ मी नीट नाव घेऊन देवळात फोडले होते ते जरा हिरमुसले.

मग मी लाल फडकं घेऊन मोठ्या मायच्या ओट्यावर गेलो. बायको मागून आली. मी तो नारळ तिच्या खाटेवर ठेवला.

"फोडा नही?" तिने विचारलं.

"नही, माय. मी तुले खरं सांगं नही. आम्ही देवले नही गयथूत. फिराले गयथूत."

"फिराले?"

"हां."

"दोन्हीज?"

"हां."

"लगीन नही, दवाखाना नही?"

"काहीच नही."

मग तिचं लक्ष माझ्यावरून बायकोकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"मंग मी काय देवकरता जाऊ का वनीले?" ती म्हणाली. "घरमा सासू व्हती, दोन जेठान्या व्हत्यात. चैतमा तेवढा दिन कोन्ही माले काम सांगे नही. देवीना नाववर कोन आडावस?" आणि मला म्हणाली, "सांगतास तर मी नारळ काबर देतू? वाटमा खावाले काही गोड देतू. फोड आते ते."

मी ओट्याच्या कडेवर नारळ आपटला. इतके फोडून हात बसला होता, एका घावात दोन भकलं झाली. पाणी तिने आपल्या पितळी वाटीत धरायला लावलं, अर्धं स्वतः प्यायली, अर्धं बायकोला दिलं. मला कुणी विचारलं नाही.

"आते सांग," ती बायकोला म्हणाली. "बठं सांग."

बायको खाटेवर तिच्या पायांशी बसली, तिचे गुडघे चोळायला लागली आणि सांगायला लागली. सगळं. पाण्याचा रंग, होडी, कोकणातल्या बायका, मी दहावीवाल्यामागे कसा धावलो. मोठी माय तोंडाला पदर लावून हसत होती. मग बायको त्या दिवसावर आली, एकटीच्या. मी खोबऱ्याचे तुकडे करत होतो, माझे हात थांबले.

"डोंगरवर चढनू माय, आनि तठे मोठा दगड व्हता. झाडनी सावली. खाले बठा समुद्रच समुद्र. कोन्ही नही." तिने गुडघे चोळणं थांबवलं. "मी निजी गयी."

"निजी गयी? उघड्यावर?"

"हां. दुपारपावत. राखाले काहीच नही व्हतं ना संगे."

मोठ्या मायने आपला हात बायकोच्या हातावर ठेवला. मी सुरी आणि खोबरं घेऊन तसाच बसलेलो. मला बसचा स्टॉप आठवला, पायात धरलेल्या दोन पिशव्या आठवल्या. तेवढ्यात मोठ्या मायचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू काबर बसना आठे?" ती म्हणाली. "जाय, खोबरासंगे गूळ लई ये."

मी उठून आमच्या घरात आलो. गुळाचा डबा फळीवर समोरच होता. मी तो बराच वेळ शोधला.